लेक गाणे ऐकायला जाते

वाचकहो, गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात एक भांडण झाले. आदळआपट झाली नाही, आवाजही फारसा चढला नाही. पण बाप आणि लेक महिनाभर एकमेकांशी बोलले नाहीत, म्हणून त्याला लहान भांडणही म्हणता येत नाही. असे भांडण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आज ना उद्या होणार आहे. म्हणून या आठवड्यात त्याची हकिगत सांगत आहोत.

आमचे थोरले बंधू साताऱ्याला एका कारखान्यात कामाला आहेत. तीन पाळ्यांचे काम, बेताचा पगार. त्यांची लेक बारावीला चांगले गुण मिळवून सांगलीला कॉलेजात गेली. तिथे ती तीन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. मुलगी अभ्यासात चोख आहे. तिला एकच नाद आहे, तो म्हणजे गाण्याचा. ती गात नाही, वाजवत नाही. फक्त ऐकते. लहानपणी जयंतीच्या मांडवात गायन पार्टी आली की ही पोर स्टेजच्या कडेला मांडी घालून बसायची आणि शेवटच्या गाण्यापर्यंत हलायची नाही. मोबाईल हातात आल्यावर तिने त्यावरून काय काय ऐकले ते तिचे तिलाच ठाऊक. सांगलीला गेल्यावर मात्र तिला कळले की दहा किलोमीटरवर मिरज आहे आणि मिरजेत गाणे प्रत्यक्ष समोर बसून ऐकता येते, पुष्कळदा पैसे न देता.

एके रात्री साडेनऊच्या सुमारास मिरजेत ती मैत्रिणीबरोबर वडापची वाट पाहत उभी होती. आपल्या वस्तीतल्या कुणीतरी तिला पाहिले. पोरगी खोलीवर पोचायच्या आधी बातमी साताऱ्याला पोचली. बंधूंनी फोन केला. "तुला शिकायला पाठवली आहे, गाणी ऐकत हिंडायला नाही," असे ते म्हणाले. ती म्हणाली, "बाबा, मी एकही तास बुडवलेला नाही." ते म्हणाले, "तोंड वर करून बोलू नकोस." झाले. फोन बंद.

तीन आठवडे गेल्यावर वहिनी आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "भावजी, हे काही ऐकून घेत नाहीत आणि तीही हट्टी. तुम्ही एकदा जाऊन डोळ्यांनी बघून या. वाईट असेल तर वाईट म्हणा, पण बघून म्हणा."

हे आम्हांला पटले. आम्ही कचेरीत हिशेब तपासणारे माणूस. पावती बघितल्याशिवाय शेरा मारायचा नाही, हा आमचा शिरस्ता. दोन दिवसांची रजा टाकली आणि माहुलीच्या स्टेशनवर गाडीत बसलो.

सातारा ते सांगली हा रेल्वेमार्ग कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कराड असा जातो. मसूर आले की आमचे मन दर वेळी थबकते. 1901 च्या सुमारास उन्हाळ्याच्या सुटीत साताऱ्याहून काही मुले याच स्टेशनवर उतरली होती. त्यांत लहानगे भीमराव होते. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला नोकरीस होते. त्यांच्याकडे सुटी घालवायची म्हणून मुलांनी नवे कपडे घातले होते, जरीच्या टोप्या घातल्या होते. आगगाडीचा प्रवास, नवे गाव, केवढी हौस! स्टेशनमास्तरला जात कळली आणि चित्रच पालटले. एकही गाडीवान त्यांना गाडीत घेईना. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनी हाकावी आणि तो बाजूने चालेल. रात्रभर त्या मुलांना प्यायला पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी पुढे हे स्वतः लिहून ठेवले आहे.

त्याच मार्गावरून आज आपली लेक एकटी जाते आणि येते. आता तर 2023 च्या मार्चपासून राज्यात एसटीने जाणाऱ्या महिलांना अर्धेच तिकीट पडते. गाडीत तिला कुणी उठवत नाही, पाणी कुणी नाकारत नाही. मग घरच्यांनीच तिला "बस खाली" म्हणायचे काय? हा प्रश्न मसूर मागे पडेपर्यंत आमच्या डोक्यात घोळत होता.

सांगलीला ती स्टेशनवर घ्यायला आली. थोडी घाबरलेली होती. काका तपासणीला आले आहेत, हे तिला कळले होते. आम्ही म्हटले, "चहा पाज आधी. मग तू रोज जशी हिंडतेस तशी आम्हांला हिंडव. आमच्यासाठी काही वेगळे करू नकोस."

तिने तसेच केले. संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर कृष्णेच्या काठाने आयर्विन पुलापर्यंत पायी गेलो. हा पूल 1929 सालचा. तिथे ती रविवारी येते, कानात मोबाईलची वायर घालून नदीकडे बघत अर्धा-पाऊण तास बसते. सोबत भडंगाची पुडी. मग परत अभ्यास. आम्ही म्हटले, एवढेच? ती म्हणाली, "एवढेच, काका. बाकीच्या मुली बाजारात जातात, मी इथे येते."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने आम्हांला मिरजेला नेले, सतारमेकर गल्लीत. वाचकहो, सातारा-सांगलीत जन्म काढूनही आम्ही ही गल्ली पाहिली नव्हती, याची तिथे लाज वाटली. अरुंद गल्ली आणि दोन्ही बाजूंना वाद्यांचे कारखाने. कारखाने म्हणजे घराचीच पुढची खोली. जमिनीवर बसून कुणी भोपळा घासतो आहे, कुणी दांडीला पॉलिश देतो आहे. ही माणसे मूळची शिकलगार, म्हणजे तलवारी आणि हत्यारे बनवणारी, धार लावणारी. संस्थानी काळात हत्यारांचे काम कमी झाले तेव्हा त्यांच्या पूर्वजांनी तंबोरा आणि सतार घडवायला घेतली. त्यांत फरीदसाहेबांचे नाव आजही आदराने घेतात. दीडशेहून अधिक वर्षे हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे मिरजेचा तंबोरा हे नाव आता कायद्याने मिरजेचेच राहील.

तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे भाजीचा नव्हे, कडू भोपळा. तो पंढरपूरच्या बाजूने येतो. तो महिनोन्‌महिने वाळवायचा, कापायचा, आतून साफ करायचा, मग त्याला लाकडी दांडी जोडायची. चार तारा असतात. घोडीवर तारेखाली साधा सुती दोरा सरकवून अशी जागा शोधायची की तार नुसती वाजत नाही, गुंजत राहते. त्याला जवारी म्हणतात. एका वयस्क कारागिरांनी आम्हांला तो दोरा सरकवून दाखवला. दोरा केसभर सरकला आणि आवाज उजळला. आम्हांला गाण्यातले काही कळत नाही, पण तो फरक कळला.

आमची पुतणी तिथे नेहमी जाते. काही विकत घेत नाही, घेण्याची ऐपतही नाही. कोपऱ्यात बसते, बघते, प्रश्न विचारते. ते कारागीर तिला "बेटी" म्हणतात आणि चहा देतात. हातांनी काम करणाऱ्याला दुसऱ्या कष्टकऱ्याच्या मुलांची ओळख लगेच पटते. हत्यारे गेली तेव्हा रडत न बसता नवे काम शिकलेल्या माणसांची ती गल्ली आहे. आपल्या मुलांनी ती अवश्य पाहावी.

तिथून ती आम्हांला ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात घेऊन गेली. तिथे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. खाँसाहेब 1872 सालचे, मूळचे उत्तरेकडच्या कैराना गावचे. त्यावरूनच त्यांच्या गायकीला किराणा घराणे म्हणतात. हिंडत हिंडत ते मिरजेला आले आणि मिरजेचेच झाले. 27 ऑक्टोबर 1937 रोजी मद्रासकडच्या प्रवासात एका लहान स्टेशनवर त्यांचा अंत झाला, पण दफन मिरजेत झाले. दर वर्षी उरुसाला त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात संगीत सभा भरते. देशभरातून गवई येतात आणि सेवा म्हणून गातात. ऐकणाऱ्याला तिकीट नाही. चादर पसरायची आणि बसायचे.

आणि एक गोष्ट तिनेच आम्हांला सांगितली. या उरुसाचा पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. ज्या समाजाला गावोगावी देवळाच्या पायरीवर उभे करत नव्हते, त्या समाजाचा मान इथे पहिला. हे ऐकून आम्ही क्षणभर गप्प राहिलो.

दर्ग्याच्या आवारात तिने आम्हांला तो प्रश्न विचारला, जो बहुधा तिला बरेच दिवस विचारायचा होता. "काका, मी इथे येते, नवरात्रात अंबाबाईच्या देवळाच्या आवारात गाणे असते तिथेही जाते. आपण बौद्ध. हे चालते का? वस्तीतले एकजण म्हणाले, बावीस प्रतिज्ञा विसरलीस."

वाचकहो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आम्ही तिला विचारले, "तू तिथे हात जोडतेस? नवस बोलतेस? काही वाहतेस?" ती म्हणाली, "नाही. गाणे सुरू व्हायच्या आधी जाऊन बसते, संपले की उठते." मग आम्ही म्हटले, "तू पूजेला जात नाहीस, ऐकायला जातेस. आपली प्रतिज्ञा तुझ्या मनाशी आहे, बसायच्या जागेशी नाही. उद्या गाणे बाजारपेठेत झाले तर तू तिथेही बसशील. मात्र एक ध्यानात ठेव. ज्या दिवशी वाटेल की गाण्यासाठी मान वाकवावी लागते आहे, त्या दिवशी उठून ये. गाणे दुसरीकडे मिळेल." आमचे उत्तर कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही. आम्ही ते आमच्या जबाबदारीवर दिले आहे.

त्या रात्री सांगलीत एका सभागृहात गाण्याचा कार्यक्रम होता. तिघांनी तिकिटे काढली: ती, तिची मैत्रीण आणि आम्ही. सांगली हे नाटकाचे गाव. 5 नोव्हेंबर 1843 रोजी विष्णुदास भावे यांनी इथे पहिले मराठी नाटक केले, म्हणून तो दिवस रंगभूमी दिन म्हणून पाळतात. लता मंगेशकरांच्या लहानपणीचे दिवसही याच गावात गेले. अशा गावात सभागृहे आहेत, रसिक आहेत, सगळे आहे. पण बसायला जागा मिळणे निराळे आणि जागा आपली वाटणे निराळे.

मध्यंतरात तिने आम्हांला मागे घडलेली एक गोष्ट सांगितली. अशाच एका कार्यक्रमात शेजारच्या खुर्चीवरच्या बाई तिच्याशी मोठ्या मायेने बोलत होत्या. कुठल्या रागाची आवड, कुणाचे ऐकतेस, सगळे विचारले. मग विचारले, "आडनाव काय गं तुझे?" हिने सांगितले. बाई "हो का" म्हणाल्या. त्यानंतर कार्यक्रम संपेपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

आम्ही विचारले, "मग तू काय केलेस?"

"काही नाही. बसले."

"उठावेसे वाटले नाही?"

"वाटले. पण उठायचे कशाला, काका? तिकीट माझेही होते."

आम्ही तिच्याकडे पाहत राहिलो. आमच्या तरुणपणी असे काही घडले की आम्ही दोन गोष्टी करत असू. एक तर भांडत असू, नाही तर पुन्हा तिकडे फिरकत नसू. ही पोर भांडली नाही आणि जायचेही थांबली नाही.

इथे आम्हांला गंगूबाई हनगल यांची आठवण होते. 1913 मध्ये धारवाडला जन्मलेल्या गंगूबाई या हिणवल्या गेलेल्या, गाणाऱ्या बायकांच्या घरातल्या. लहानपणी त्या रस्त्याने चालल्या की लोक गाणारी म्हणून टोमणे मारत. शेजारच्या उच्चवर्णीयांच्या बागेतले आंबे घेतले म्हणून त्यांना बोलणी बसली. आंबे गेल्याचे दुःख त्या शेजाऱ्यांना कमी होते, गाणारणीच्या मुलीने बागेत पाय ठेवला याचा संताप जास्त होता. त्या गंगूबाई हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला जाऊन सवाई गंधर्वांकडे शिकल्या. टोमणे थांबण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. 2002 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. 2009 मध्ये त्या गेल्या तेव्हा सगळ्या देशाने मान लववली.

त्याच सवाई गंधर्वांकडे भीमसेन जोशीही शिकले. 1933 मध्ये अकरा वर्षांचा हा मुलगा गदगच्या घरातून पळाला होता. कारण काय, तर दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँ यांची ध्वनिमुद्रिका ऐकली आणि असे गाणे शिकवणारा गुरू हवा असे वाटले. तिकिटाशिवाय आगगाडीने तो ग्वाल्हेरपासून जालंधरपर्यंत हिंडला. त्याच मुलाला पुढे भारतरत्न मिळाले. मुलगा पळाला तर त्याची गोष्ट कौतुकाने सांगतात. मुलगी सांगून, मैत्रिणीबरोबर, तिकीट काढून जाते, तर आपण फोन बंद करतो. हा कुठला न्याय?

खाँसाहेबांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्म 1905 साली मिरजेतच झाला. त्या काळी घरंदाज बाईने लोकांसमोर बसून गाणे हे कमीपणाचे समजत. हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर जलसे केले आणि गाणाऱ्या स्त्रीला प्रतिष्ठेने स्टेजवर बसवले. एक बाई गाऊ शकली म्हणून आज दुसरी बाई निर्धास्तपणे ऐकू शकते, हेही आपण विसरू नये.

खोलीवर परतल्यावर तिने आमच्यासमोर एक वही ठेवली. ती पाहून आमच्यातला हिशेबनीस खूश झाला. प्रत्येक कार्यक्रमाची तारीख, ठिकाण, कोण गायले, साथीला कोण होते, आणि उजव्या बाजूला खर्च. सात महिन्यांत अकरा कार्यक्रम. त्यांतले आठ फुकट, तीन तिकिटाचे. वडाप, चहा, तिकीट धरून सगळी बेरीज आम्ही दोनदा तपासली. चूक नव्हती. ती रक्कम आमच्या बंधूंच्या तंबाखूच्या खर्चापेक्षा कमी भरली. हे आम्ही बंधूंना सांगितले नाही. वहिनींना सांगितले.

त्या वहीचे पहिले पान मात्र आम्ही नीट पाहिले. पहिली नोंद कुठल्या उस्तादाची नव्हती. सांगलीत आल्यावर ऐकलेल्या पहिल्या भीमगीतांच्या कार्यक्रमाची होती. वस्तीत कुजबुज होती की पोरगी आता आलाप ऐकते, आपले गाणे विसरली. वही वेगळेच सांगत होती. तिने आम्हांला समजावून सांगितले की वामनदादा कर्डकांच्या गाण्यांच्या चाली कशा लोकगीतावरून, कव्वालीवरून आणि त्या काळच्या सिनेमावरून फिरतात. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज वरच्या पट्टीत गेला तरी फाटत का नाही, हे तिला शास्त्रीय गाणे ऐकल्यावर कळले म्हणे. आम्ही चाळीस वर्षे ती गाणी ऐकतो आहोत, पण हे आमच्या ध्यानात आले नव्हते. दुसऱ्याचे गाणे ऐकून तिला आपले गाणे अधिक कळले.

आणि आपले गाणे हे काही कमी दर्जाचे नाही. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा (1922 ते 2004) मुंबईत मोठेपणी अक्षरे शिकले आणि मग आयुष्यभर गाणी लिहीत, गात गावोगाव हिंडले. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे (1920 ते 1969) लहान वयात वडिलांबरोबर पायी मुंबईला गेले. त्या नव्या शहरात त्यांनी सभा ऐकल्या, पोवाडे ऐकले, तमाशा ऐकला, आणि 1944 मध्ये अमर शेख व गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले. मिरजेजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू हे जुळे भाऊ तमाशाच्या जोरावर महाराष्ट्रभर गाजले. हे सगळे आधी ऐकणारे होते. कुणीतरी त्यांना ऐकू दिले, म्हणून ते पुढे गाणारे झाले.

साताऱ्याला परतलो तो रात्री बंधूंकडे गेलो. सगळी हकिगत सांगितली. वही दाखवली. त्यांनी पाने उलटली, बेरीज पाहिली, बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू शिकलेला आहेस, तुला सगळे सोपे वाटते. रात्री साडेनऊला पोरगी रस्त्यावर उभी असते तेव्हा माझ्या पोटात काय होते ते तुला कळायचे नाही."

यात खोटे काहीच नव्हते. बापाची भीती खरी आहे. रस्ता बाईमाणसासाठी अजून सुरक्षित नाही, हेही खरे आहे. पण आम्हांला एक गोष्ट आठवली आणि आम्ही ती बोललो. म्हटले, "दादा, तुम्ही वीस वर्षांचे होता तेव्हा तुम्ही आणि तुमचे मित्र दोन गायन पार्ट्यांचा सामना ऐकायला आठ-आठ मैल पायी जात होता. पहाटे परत येत होता. आई कडी काढून द्यायची, भाकरी झाकून ठेवायची. तिने एकदा तरी विचारले का, शिकायचे सोडून गाणी काय ऐकतोस?"

बंधू म्हणाले, "मी बाप्या माणूस होतो."

हे बोलून ते स्वतःच गप्प झाले. आत वहिनी भांडी घासत होत्या, ती थांबली. कुणी काही बोलले नाही. बाबासाहेब समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजत, हे वाक्य आमचे बंधू दर 14 एप्रिलला मंडळाच्या फलकावर स्वतःच्या अक्षरात लिहितात. त्यांना आम्ही ते वेगळे सांगायची गरज नव्हती.

थोड्या वेळाने वहिनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मलाही लग्नाआधी गाता येत होते. तुम्हांला ठाऊक तरी आहे का?" बंधूंना ठाऊक नव्हते. पंचवीस वर्षांच्या संसारात ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी बापाने लेकीला फोन केला. माफी कुणी मागितली नाही. चार गोष्टी ठरल्या. एकटीने जायचे नाही, मैत्रीण बरोबर हवी. जाताना ठिकाण कळवायचे. परतीचे वाहन आधी ठरवायचे, ऐनवेळी शोधायचे नाही. परीक्षेच्या महिन्यात कार्यक्रम बंद. पोरीने पाचवी गोष्ट आपल्याकडून घातली: खोलीवर पोचले की निरोप टाकीन. आता ती गाण्याला गेली की बंधू जागे असतात. निरोप आला की दिवा मालवतात. अजूनही ते विचारत नाहीत की कोण गायले, कसे गायले. फक्त "पोचलीस का?" एवढेच विचारतात. आम्हांला वाटते, हळूहळू तेही विचारतील.

वाचक माता-पित्यांनो, आता आमचे चार शब्द.

मुले नव्या गावी शिकायला जातात तेव्हा कॉलेजाइतकेच ते गावही त्यांना शिकवते. ग्रंथालय, सभागृह, नदीचा घाट, कारागिरांची गल्ली ही सगळी शाळाच आहे. आपल्या आधीच्या पिढ्यांना या जागांची दारे बंद होती. ती उघडण्यासाठी किती जणांनी काय सोसले ते आपण जाणतो. तेव्हा उघडलेल्या दारातून मुलगा जाईल आणि मुलगी घरात राहील, असे होता कामा नये.

काळजी जरूर घ्या. मुलींना 112 हा क्रमांक पाठ असू द्या. बरोबर कोण आहे, परतायचे कसे, हे विचारा. पण विचारणे आणि अडवणे यांत फरक आहे. विचारले की मुले सांगतात. अडवले की लपवतात. लपवलेल्या वाटेवरच खरा धोका असतो.

खर्चाची भीती बाळगू नका. साताऱ्याजवळ औंधला 1940 पासून संगीत उत्सव होतो, मिरजेत उरुसाला आणि नवरात्रात गाणे असते. चांगले ऐकायला नेहमी पैसे लागतातच असे नाही. प्रथमच जाणार असाल तर थोडे आधी जाऊन बसा. गाणारा सुरुवातीला सावकाश जातो, तेव्हा कंटाळू नका. हिंडायला निघालेला माणूस आधी गाव ओळखून घेतो, तसे ते असते. उठायचेच झाले तर एक चीज संपून दुसरी सुरू व्हायच्या मध्ये उठा. एवढे पाळले की तुम्हीही बाकीच्यांइतकेच जाणकार.

आणि जयंती मंडळांना एक विनंती. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम 2000 सालापासून आहे. डॉल्बीच्या भिंतीवर एका रात्रीत जे पैसे उडतात, त्यांतले निम्मे बाजूला काढा. त्यात एक ढोलकी, एक पेटी येईल आणि शिकवणाऱ्याचे काही महिन्यांचे मानधनही निघेल. वस्तीत एखादी मुलगी असेल, जी स्टेजच्या कडेला मांडी घालून शेवटपर्यंत बसते. तिच्या कानावर माणसाच्या गळ्यातले गाणे पडू द्या.

असो. परवा वहिनी आमच्याकडे आल्या होत्या. यंदाच्या जयंतीला महिला मंडळाच्या कार्यक्रमात एक पाळणा म्हणणार म्हणाल्या. घरी रात्री सराव करतात. बंधू ऐकत नसल्यासारखे करून ऐकतात.

जयभीम.